लाव्हाच्या दगडात सूक्ष्मजीवांचे जीवाश्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दगड बघायला जी मंडळी येतात, त्यांचे आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्यांचे मेसेज आठवडाभर येत असतात. फोटो वेगळे, प्रश्न साधारण तेच. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

1. लाव्हा एवढा तापलेला असतो, त्यात जीव जळूनच जाणार ना? मग जीवाश्म राहील कसा?

जळूनच जाणार, बरोबर आहे तुमचं. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडाचा, लाव्हा बाहेर येतो तेव्हा साधारण 1100 ते 1200 डिग्री सेल्सियस असतो, आणि आजवर माहीत असलेला सगळ्यात चिवट सूक्ष्मजीव, मिथेनोपायरस कँडलेरी, 122 डिग्रीपर्यंत वाढू शकतो, तेही खोल समुद्रासारखा दाब दिला तर. म्हणजे लाव्हात कोणी राहत नाही, आणि लाव्हाखाली सापडलेला सूक्ष्मजीव लाव्हात मिसळून जपला जातो असंही होत नाही.

क्रम उलटा आहे. वाडा आधी बांधला जातो, बिऱ्हाडं नंतर येतात, तसं. लाव्हा थिजला, गार झाला, त्याला भोकं आणि चिरा राहिल्या, त्यात पाणी शिरलं, पाण्याबरोबर सूक्ष्मजीव आले, आणि मग त्याच पाण्यातून खनिजं बसत गेली नि ते आत बंद झाले. जीवाश्म दगडाच्या आत आहे खरा, पण दगडातल्या मोकळ्या जागेत आहे. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

2. ही भोकं येतात कुठून आणि एवढ्या घट्ट दगडात पाणी जातं कसं?

आंबोळी तव्यावर टाकली की जाळी पडते, ती का पडते? आतली वाफ आणि वायू वर यायला बघतात आणि पीठ त्याआधीच सेट होतं. लाव्हाचं तेच. वर येताना दाब कमी होतो, विरघळलेली वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे बुडबुडे होऊन सुटतात, आणि वरचा भाग लवकर थिजला की ते बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून आपल्याकडे एकेका लाव्हाच्या थराचा माथा जाळीदार असतो आणि मधला भाग घट्ट. टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला उभं राहिलं की हा फरक लांबूनही कळतो.

आता पाणी. दगड गार होताना आकसतो, आकसला की तडकतो. मोठ्या भेगा डोळ्यांना दिसतात, पण त्यांच्यापासून फुटलेल्या केसाहून बारीक चिरा भोकाभोकाला जोडत जातात. एक जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे आपल्याला जी चीर दिसतही नाही ती त्याला बोळ आहे. पुण्यात बोअर मारणाऱ्यांना हे सगळं वेगळ्या भाषेत माहीत असतंच, घट्ट काळ्या दगडात पाणी लागत नाही, जाळीदार किंवा तडकलेला पट्टा आला की लागतं.

3. उजेड नाही, झाडपाला नाही, मग ते तिथे खातात काय?

दगडच खातात, असं म्हटलं तरी फार चूक नाही. बेसॉल्टमध्ये लोखंड भरपूर, त्यातलं बरंचसं कमी ऑक्सिडाइझ झालेलं, आणि त्याचं ऑक्सिडेशन करून काही जिवाणू ऊर्जा मिळवतात, म्हणजे गंज चढवण्यावर त्यांचं पोट चालतं. मँगनीजवर जगणारे आहेत. पाणी आणि लोहयुक्त खनिजं यांच्या प्रक्रियेतून हायड्रोजन सुटतो, त्यावर जगणारे आहेत. मग हे जिवाणू भिंतीला बुळबुळीत थर धरतात, पाण्याच्या टाकीला आतून धरतो तसा, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्या थरावर जगायला बुरशी येते. बुरशी स्वतः दगडातून ऊर्जा काढत नाही, ती तयार अन्न शोधते.

आणि ही काही तुरळक गोष्ट नाही. 2020 साली जपानी संशोधकांनी दक्षिण पॅसिफिकच्या तळाखालचा 3 कोटी 35 लाख ते 10 कोटी 40 लाख वर्षं जुना बेसॉल्ट तपासला, तर त्याच्या बारीक चिरांतल्या लोहयुक्त चिकणमातीत एका घन सेंटीमीटरमागे 1000 कोटींच्या वर पेशी सापडल्या. आजच्या, जिवंत! समुद्रतळाचं कवच पृथ्वीच्या साधारण 60 टक्के पृष्ठभागाखाली पसरलेलं आहे आणि त्याचा वरचा भाग बेसॉल्टच आहे, हे लक्षात घेतलं तर आपण ज्याला "निर्जीव दगड" म्हणतो ते केवढं मोठं घर आहे ते कळतं. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त हलवून जाणारी गोष्ट हीच वाटते.

4. बरं, पण जिवंत पेशीचा दगड होतो कसा? नेमकं काय घडतं?

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यांनी गिझरची कॉइल काढून बघितली असेल. पांढरा कडक थर, कॉइलचा आकार तसाच, फक्त जाड झालेला. कॉइल काढून टाकली तरी त्या थरात तिचा साचा राहील. पेशीचं साधारण असंच होतं, फरक एवढाच की इथे उष्णतेपेक्षा पेशीची भिंत स्वतःच खनिजांना बोलावते.

पेशीच्या भिंतीवर आणि बायोफिल्मच्या चिकट पदार्थावर ऋण भाराच्या जागा असतात. पाण्यातलं लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे धन भाराचे आयन, म्हणजे विद्युत भार असलेले कण, ते तिथे चिकटतात. त्यांच्यावर सिलिका येऊन बसते, हळूहळू लोखंडाच्या ऑक्साइडचं किंवा चिकणमातीच्या खनिजाचं एक पातळ कवच तयार होतं. लोखंडावर जगणाऱ्यांच्या बाबतीत तर त्यांच्याच कामामुळे गंज तयार होतो आणि तो त्यांच्याच अंगावर बसतो. पेशी मेली की आतला भाग कुजतो किंवा थोडा कार्बन म्हणून शिल्लक राहतो, कवच राहतं. ही पहिली पायरी. ती लवकर व्हावी लागते, नाहीतर जपायला काही उरत नाही.

दुसरी पायरी म्हणजे पोकळी भरणं. तेच पाणी पुढे कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) किंवा झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांचं एक कूळ) घेऊन येतं आणि भोक भरत जातं, कवच घातलेले धागे त्या स्फटिकात बंद होतात, आणि एकदा बंद झाले की बाहेरच्या पाण्याचा, हवेचा, नव्या जिवांचा संबंध संपला.

माझ्या टेबलावर वाघोलीकडच्या खाणीच्या ढिगाऱ्यातला मुठीएवढा तुकडा आहे. त्यात हरभऱ्याएवढं एक भोक बरोबर मधोमध फुटलंय. दहापट भिंगातून बघितलं की काळ्या भिंतीला लागून गडद हिरवा, कागदाहून पातळ थर दिसतो, तो चिकणमातीसारख्या खनिजांचा. त्यावर बारीक चकचकीत स्फटिकांची रांग. आणि मधे स्टिलबाइट या झिओलाइटची पांढरट जुडी, पेंढी बांधल्यासारखी. भिंतीकडून मध्याकडे वाचत यायचं, आधी काय बसलं, नंतर काय. जगभरात जिथे जिथे असे जीवाश्म मिळालेत तिथे ते बहुतेक या पहिल्या थरातून निघालेले आणि पुढच्या स्फटिकांनी गिळलेले असतात, म्हणून भोकाच्या मधल्या सुंदर स्फटिकापेक्षा भिंतीलगतचा तो मळकट थर जास्त महत्त्वाचा. खाणीवर स्फटिक सोडवताना लोक नेमका तोच खरवडून टाकतात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

5. आपला दख्खनचा दगड 6 कोटी 60 लाख वर्षांचा, म्हणजे आतला जीवाश्मही तेवढाच जुना, बरोबर?

नाही. दगडाचं वय ही फक्त वरची मर्यादा. जीव लाव्हा गार झाल्यानंतर केव्हाही आलेला असू शकतो, हजार वर्षांनी किंवा चार कोटी वर्षांनी. खालची मर्यादा मिळते त्याला झाकणाऱ्या खनिजाकडून, म्हणजे धागा कॅल्साइटच्या आत पूर्ण बंद असेल तर तो त्या कॅल्साइटच्या आधीचा, आणि त्या कॅल्साइटचं वय काढता आलं तर धागा किमान तेवढा जुना. बातमीत "अमुक कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात" असं लिहिलेलं असतं तेव्हा हे वय कोणाचं आहे, खडकाचं की खनिजाचं, हे आधी विचारायचं.

6. "लाव्हाच्या काचेत जिवाणूंनी पाडलेले बोगदे" असं वाचलं, ते हेच का?

जवळचं आहे, पण वेगळं. लाव्हा पाण्यात पडला की कडा एकदम थिजते, स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि काच होते. समुद्रतळावरच्या उशीसारख्या लाव्हाला अशी काचेची साल असते. या काचेत चिरांपासून आत शिरलेल्या मायक्रॉनभर रुंदीच्या नळ्या आणि दाणेदार पोकळ्या दिसतात, आणि अनेकांचं म्हणणं की जिवाणू काच विरघळवत आत गेले. म्हणजे इथे शरीर उरलेलं नाही, वाट उरली आहे. सायप्रसमधल्या ट्रूडोसच्या लाव्हात, जो साधारण 9 कोटी वर्षांचा आहे, अशा खुणा भरपूर अभ्यासल्या गेल्यात.

वादही याच प्रकारावर सगळ्यात जास्त आहेत. 2004 साली दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनच्या जवळपास 345 कोटी वर्षं जुन्या लाव्हात अशा नळ्या जाहीर झाल्या तेव्हा पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या जीवांची खूण म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. 2014 मध्ये दुसऱ्या अभ्यासात निघालं की त्या नळ्या ज्या टायटनाइट खनिजात आहेत ते लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी, खडक पुन्हा तापला तेव्हा वाढलेलं आहे, आणि जिवाशिवायही तो आकार येतो. वर पाचव्या प्रश्नात म्हटलं ते इथे किती महागात पडलं बघा.

7. मग आत्तापर्यंतचं सगळ्यात जुनं आणि त्यातल्या त्यात भरवशाचं उदाहरण कुठलं?

2017 साली स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन आणि मॅग्नस इव्हार्सन यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतल्या ओंगेलुक इथल्या बेसॉल्टमधले धागे प्रसिद्ध केले. 240 कोटी वर्षं जुना लाव्हा, समुद्रतळावर आलेला, त्याच्या भोकांत भिंतीवर एक पातळ थर आणि त्यातून निघालेले 2 ते 12 मायक्रॉन रुंदीचे धागे, फांद्या फुटलेले, एकमेकांत परत जोडलेले, एकूण बुरशीच्या जाळ्यासारखे दिसणारे. त्यांनीही "बुरशीसारखे" एवढंच म्हटलंय, कारण बुरशीचे सर्वमान्य जुने जीवाश्म, स्कॉटलंडच्या ऱ्हायनी इथले, साधारण 40 कोटी वर्षांचे, आणि कॅनडातून 2019 मध्ये आलेले दाव्यातले सुमारे 100 कोटी. 240 कोटी ही फार मोठी उडी आहे, म्हणून हे धागे बुरशीचे की नामशेष झालेल्या आणखी कुठल्या शाखेचे हा मुद्दा उघडा आहे.

याच गटाचं आधीचं काम पॅसिफिकमधल्या एम्परर नावाच्या बुडालेल्या ज्वालामुखींच्या रांगेवर आहे, तिथे 2001 साली समुद्रात ड्रिलिंग करून काढलेल्या साधारण 5 ते 8 कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टच्या भोकांत बुरशीचे धागे, बायोफिल्म, सगळं एकत्र मिळालं. ते वयाने लहान आहे, पण माझ्या मते समजून घ्यायला तेच जास्त चांगलं, कारण तिथे तुलना करायला आजचा समुद्रतळ समोर आहे.

8. नुसता धाग्यासारखा आकार म्हणजे जीव, हे कशावरून? खनिजंही तशी वाढतात ना?

हा खरा कळीचा प्रश्न आहे. वाढतात, आणि फसवतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत काहींनी केलं असेल, काचेच्या भांड्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण घ्यायचं आणि त्यात मोरचुदाचा किंवा फेरस सल्फेटचा खडा टाकायचा. काही मिनिटांत खड्यातून कोंब फुटतात, पोकळ नळ्या वर चढतात, वाकतात, फांद्या फुटतात. आत कोणी जीव नाही, फक्त रसायन. याला रासायनिक बाग म्हणतात. 2019 मध्ये शॉन मॅकमहॉन यांनी दाखवलं की लोखंडाच्या अशा बागा बऱ्याच गाजलेल्या जुन्या "जीवाश्मां"सारख्या हुबेहूब दिसू शकतात. दुसरा फसवा प्रकार म्हणजे पायराइटचा बारीक दाणा दाबाखाली खनिजातून सरकतो आणि मागे नळी सोडतो.

म्हणून एका खुणेवर कोणी थांबत नाही. धागे कुठून निघालेत, भिंतीवरच्या थरातून की मधूनच कुठून तरी? रुंदी सगळीकडे साधारण सारखी आहे का? आत आडवे पडदे आहेत का? दोन धागे वाढत जाऊन एकमेकांत जोडले गेलेत का, कारण बुरशी हे सर्रास करते. कार्बन आहे का, आणि तो फक्त धाग्यातच आहे का आजूबाजूलाही पसरलाय? तरुण नमुन्यांत बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनला चिकटणारा चमकणारा रंग लावूनही बघतात. आणि शेवटी, तो धागा खनिजाच्या आत बंद आहे का नंतर चिरेतून घुसलाय? यातल्या एका कशाचं उत्तर "हो" आलं म्हणून काही ठरत नाही, सगळी मिळून जी गोष्ट सांगतात ती एकमेकांना धरून आहे का हे बघायचं.

यासाठी दगडाचा 30 मायक्रॉन जाडीचा, आरपार उजेड जाईल असा काप करतात, शिवाय इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, रामन (लेसरचा उजेड टाकून पदार्थ ओळखण्याची पद्धत), आणि स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेसारख्या ठिकाणी सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी दगड न फोडता आतलं जाळं तिन्ही बाजूंनी बघतात.

9. ड्रिलिंग करताना बाहेरचेच जंतू आत गेले असतील तर?

जातात, म्हणून ड्रिलिंगच्या पाण्यातच ओळखीची खूण मिसळतात, एखादं सहज सापडणारं रसायन किंवा चमकणारे बारीक मणी, ते नमुन्याच्या गाभ्यात सापडले तर तो नमुना बाद. जीवाश्माच्या बाबतीत हा धोका थोडा कमी, कारण स्फटिकाच्या आत पूर्ण बंद असलेला खनिज झालेला धागा कालच्या ड्रिलिंगचा असू शकत नाही. उघड्या भोकातला मऊ धागा मात्र तुमच्या कपाटातल्या ओलीत वाढलेली बुरशीही असू शकते.

10. माझ्याकडच्या दगडात अगदी फर्नच्या पानासारखी काळी नक्षी आहे. जीवाश्म ना?

आठवड्याला एक तरी हा फोटो येतो. सपाट चिरेवर काळी, फांद्या फुटलेली नक्षी म्हणजे जवळपास नेहमी मँगनीजचं किंवा लोखंडाचं ऑक्साइड, त्याला डेंड्राइट म्हणतात. पानाला मधली शीर असते, याला नसते. आरपार दिसणाऱ्या गारगोटीच्या आत हिरवं शेवाळ तरंगल्यासारखं दिसतं तो मॉस अगेट, तेही शेवाळ नव्हे, खनिजं आहेत. जीवाश्म नाही म्हणून फेकू नका हो, आहे ती गोष्टही सुंदरच आहे.

11. सिंहगडावर दगडांवर राखाडी-हिरवट, पापुद्र्यासारखे गोल डाग असतात, ते?

दगडफूल किंवा त्याचे भाऊबंद. जिवंत आहे ते, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. गोडा मसाल्यात पडतं त्याच कुळातलं.

12. पुण्याच्या दगडात असे जीवाश्म मिळू शकतात का?

लागणाऱ्या गोष्टी सगळ्या आहेत: भोकं, चिरा, लाखो वर्षं फिरलेलं पाणी, आणि भोकं भरणारी खनिजं. वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट हे निळं खनिज जगभरच्या संग्रहालयांत आहे, ते याच भोकांतलं. फरक एक, वरची मोठी उदाहरणं समुद्रतळाची आहेत आणि दख्खनचा लाव्हा बहुतेक जमिनीवर आला. पण जमिनीवरच्या लाव्हात होत नाही असं नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमधून, जो आपल्यासारखाच जमिनीवर थरावर थर पसरलेला आहे, खोल बोअरच्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांचे जीवाश्म 2000 साली नोंदवले गेलेत.

आणि जिवंत सूक्ष्मजीवांचं म्हणाल तर कोयनेला बघा. 1967 च्या भूकंपानंतर त्या भागाचा अभ्यास चालूच आहे, त्यासाठी सुमारे 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, त्यात वरचा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. त्या परिसरातल्या खोल नमुन्यांत दोन्ही खडकांत सूक्ष्मजीवांचा डीएनए मिळाला. म्हणजे आपल्या पायाखाली आजही बिऱ्हाडं आहेत.

13. ग्रॅनाइटमध्ये तर भोकं नसतात, तिथे?

तिथे चिरांवर भागतं. स्वीडनमध्ये अणुकचरा पुरायला जागा शोधताना खोल बोअर घेतले, त्यातल्या लाक्सेमार इथल्या ग्रॅनाइटमध्ये 740 मीटरवर पोकळीत अर्धवट खनिज झालेली बुरशी मिळाली, 2017 मध्ये जाहीर झालं, आणि तिच्याबरोबर सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंच्या खुणाही. कचरा लाखभर वर्षं पुरायचा तर तिथे कोण राहतं हे माहीत असायला नको का?

14. दख्खनच्या लाव्हात झाडांचे, फळांचे जीवाश्म सापडलेत म्हणतात. मग पहिलं उत्तर चुकतंय की!

ते लाव्हात नाहीत, दोन लाव्हांच्या मधे आहेत. एक थर पसरला, मग बराच काळ शांतता, त्या काळात तळी झाली, झाडं वाढली, गाळ साचला, मग पुढचा लाव्हा वरून आला. या मधल्या गाळाला इंटरट्रॅपियन म्हणतात, मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे मोहगावकलानला सिलिकाने जपलेल्या वनस्पती प्रसिद्ध आहेत. कात्रजच्या घाटात काळ्या थरांमधे तांबडा पट्टा दिसतो ना, तोही दोन थरांमधल्या अशाच मोकळ्या काळाची खूण, लाल बोल म्हणतात त्याला.

15. याचा मंगळाशी काय संबंध? प्रत्येक लेखात मंगळ येतोच.

मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसॉल्टचा, आज वर प्रखर किरणं आणि कोरड, म्हणून जीव कधी असलाच तर दगडाच्या आत जास्त टिकला असता. 1984 साली अंटार्क्टिकात सापडलेला एएलएच 84001 हा उल्का म्हणून इथे येऊन पडलेला मंगळावरचा अग्निजन्य खडकच आहे, त्याच्या चिरांतल्या कार्बोनेटमध्ये जीवाश्म असल्याचा दावा 1996 मध्ये झाला आणि आज बहुतेक जण तो मानत नाहीत, कारणं आठव्या उत्तरासारखीच. पर्सिव्हरन्स रोव्हर 2021 मध्ये जेझेरो विवरात उतरला, तिथल्या जमिनीवरही पाण्याने बदललेले अग्निजन्य खडक निघाले आणि त्यांचे नमुने त्याने नळ्यांत भरून ठेवलेत.

16. जुने जंतू बाहेर येऊन आजार पसरेल का?

नाही. जीवाश्म म्हणजे खनिज, त्यात जिवंत काही नाही. आणि आज खोल दगडात जे राहतात ते लोखंड, हायड्रोजन वगैरेंवर जगायला घडलेले, माणसाचं शरीर त्यांच्या कामाचं नाही.

17. मला स्वतः बघायचंय, सुरुवात कशी करू?

दहापट भिंग घ्या, रस्त्याच्या कामाला आलेल्या खडीच्या ढिगापासून सुरुवात करा. किल्ले, लेणी, लोणारचं विवर इथून काही उचलू नका. खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका, पावसाळ्यात तर अजिबात नको, कडे सुटतात. भोकं असलेला तुकडा मिळाला की आधी धुऊ नका, ब्रशने घासू नका, भिंतीलगतचा थर जातो. कुठे मिळाला ते चिठ्ठीवर लिहून तुकड्याबरोबर ठेवा. पांढरं खनिज कॅल्साइट आहे का बघायला एका कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, थोडे बुडबुडे आले तर बहुधा कॅल्साइट, झिओलाइटवर येत नाहीत.

फोटो पाठवताना शेजारी नाणं ठेवा, सावलीत काढा, फ्लॅश नको, आणि भोकाचा मधला भाग नाही तर कड फोकसमध्ये येऊ दे.